मदत हवी आहे : नदीकाठच्या जुन्या घाटाला चुन्याचं काम करणारे गवंडी

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा नदीकाठी. जुना घाट काळ्या दगडाचा, वर महादेवाचं देऊळ. त्याला लागूनच आता नवा काँक्रीटचा घाट झाला: रेलिंग, टाइल्स, विजेचे खांब. म्हाताऱ्या माणसांना उतरायला सोय झाली, ती हवीच होती. पण त्याच मिस्त्रींनी जुन्या पायऱ्यांच्या दगडांमधल्या फटीही सिमेंटने भरल्या. दोन पावसाळ्यांत दगडाच्या कडा सुटायला लागल्या, पांढरा खार वर आला. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती दगडातच कोंडतं. पूर ओसरल्यावर हे हाताला कळतं.

बल्लारपूरला याच नदीवर गोंड राजांचा किल्ला आहे. नव्या शहराशेजारी तो जुनाच दिसतो, आणि तसाच शोभतो. आमच्याकडेही नवं नव्यासारखं राहावं, जुन्याला फक्त नीट सांभाळावं, एवढंच वाटतं.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामबंदी असते, पण आमचा घाट कोणत्याच यादीत नाही.

तर विचारायचं होतं: चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा भागात चुना-सुरखी (चुना आणि विटांची भुकटी) मळून काम करणारे गवंडी कोणाच्या ओळखीत आहेत का? भरलेलं सिमेंट दगड न फोडता कसं काढायचं? घाट राज्य संरक्षित व्हावा म्हणून ग्रामसभेचा ठराव कोणी केला असेल तर त्याचा मसुदा मिळेल का? पोळ्यानंतर ग्रामसभा आहे, तोवर माहिती मिळाली तर फार उपकार होतील.