जागतिक हवामान मॉडेलचे आकडे खुले झाले, कोकणाने ते वापरावेत का?

देवगडचा कलमवाला
युरोपच्या हवामान केंद्राने, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफने, १ ऑक्टोबर २०२५ पासून रोजच्या अंदाजांचा सगळा साठा खुल्या परवान्याखाली आणला. मॉडेल पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनाचं हवामान काढतं. बारीक जाळीचे आकडे थेट हवे असतील तर पोहोचवण्याचा खर्च भरावा लागतो, पण पाव अंशाच्या जाळीचे कुणीही फुकट उतरवून घ्यावेत. अमेरिकेचं जीएफएस हे जागतिक मॉडेल तर आधीपासूनच मोफत, दिवसातून चारदा ताजं.

मला यातला फायदा जानेवारीत कळला. मोहोर फुललेला आणि आभाळ भरून आलेलं. फवारणी उरकायची की थांबायचं? मोबाइलवर नुसतं ढगाचं चित्र. भाच्याने लिहून दिलेल्या छोट्या प्रोग्रामने मी युरोपचे समूह-अंदाज काढले. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ते एकाच दिवसाचं गणित ५१ वेळा करतात. त्यातल्या चाळिसांहून जास्त गणितांत पाऊस होता. थांबलो. रात्री दोनला पागोळ्या वाजायला लागल्या. सकाळीच फवारलं असतं तर औषध, मजुरी, पंपाचं डिझेल, सगळं वाहून गेलं असतं. भुरी रोगाची फवारणी पाऊस गेल्यावर केली.

प्रत्येक तालुक्यात दोन-चार पोरांनी हे शिकावं, असं माझं मत आहे.

हर्णैचा नाखवा
बागेत चूक झाली तर औषध जातं. दर्यात माणूस जातो. मागच्या ऑगस्टमध्ये बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला असताना एक तरुण तांडेल मला मोबाइल दाखवत होता, ‘काका, वारा बारा नॉटच आहे.’ अरे, तो बारा नॉट सगळ्या चौकोनाची सरासरी! झोताचा, म्हणजे मध्येच उसळणाऱ्या वाऱ्याचा, आकडा वेगळा असतो, तो त्याने उघडलाच नव्हता. आणि खाडीच्या तोंडाशी गाळावर लाट कशी फुटते, ते कुठल्या मॉडेलला ठाऊक? होडी बाहेर काढू दिली नाही मी. असे आकडे मोकळे सोडले की पोरं बावट्याला जुमानत नाहीत. माझा विरोध आहे.

चिपळूणची
मीही विरोधात, पण कारण दुसरं. पाव अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर. समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत कोकण किती रुंद? दोन चौकोन, फार तर अडीच. त्यात एक अर्धा पाण्यात, दुसरा अर्धा घाटावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही. एवढा फरक दोन चौकोनांत कुठून मावणार?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं. आदल्या संध्याकाळी मला पुढच्या दहा दिवसांचा अंदाज नको होता. वर घाटात या तासाला किती पडतोय आणि नदी किती चढली, एवढंच हवं होतं. युरोपच्या केंद्राने तिकडे इटलीत केलेलं गणित मला घरबसल्या मिळतं, पण माझ्याच महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा कालचा आकडा मागायला गेले तर मला अर्ज करायला सांगितलं. भांडायचं तर यासाठी भांडा.

गुहागर ते पुणे
हवामानशास्त्र शिकतोय म्हणून बोलतो. ताईंचं जाळीचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल ६ किलोमीटरच्या जाळीवर आणलं, मे २०२५ मध्ये. पण जीएफएससारखं जागतिक मॉडेल टाकून देता येत नाही. एखाद्या जिल्ह्यापुरतं बारीक मॉडेल चालवायचं तर त्याच्या चारी कडांना वारा, दमटपणा, तापमान कुठून तरी द्यावंच लागतं. ते अनेकदा जीएफएसकडूनच घेतात.

हे आकडे परकेही नाहीत. आपल्याकडून सोडलेल्या फुग्यांची निरीक्षणं जगभर जातात आणि त्या गणितात मिसळतात.

नाखवाकाकांशी मात्र सहमत. मॉडेलचा नुसता अंदाज आणि इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इशाऱ्यामागे रडार बघणारा, जबाबदारी घेणारा माणूस असतो.

देवगडचा कलमवाला
काका, बावट्याच्या वर मोबाइल ठेवा असं मी म्हटलेलं नाही, तरी तुमची भीती खरी आहे. वाऱ्यासोबत झोताचा आकडा दिसल्याशिवाय यापुढे आपल्या या गटात चित्र टाकणार नाही. ताईंचं मात्र मनाला लागलं. पाऊस आला की नाही एवढंच मी बघत होतो, किती आला ते कधी मोजलंच नाही. मग अंदाज चुकला की जमला, कशावरून म्हणू? १ जूनपासून रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं मोजतं त्याच वेळेला, बागेतला पाऊस मोजून इथे लिहीन.

चिपळूणची
मापक झाडाखाली ठेवू नका, कलमांच्या पानांवरचं पाणी त्यात गळेल. मोकळ्या अंगणात, भिंतीपासून लांब. मीही लिहिते. वर घाटाकडे, पोफळीच्या बाजूचं कुणी असेल तर हवंच आहे, आमच्याकडचं पाणी तिकडूनच येतं.

हर्णैचा नाखवा
पाऊस मोजा, चांगलं काम आहे. होडी मात्र बावटा उतरल्यावरच सुटेल.