अमलोडिपिन, घोट्यांची सूज आणि चिनी काढा

सुनंदाकाकू, ए-३०२: नमस्कार. डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची अमलोडिपिनची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅम केल्यापासून संध्याकाळी माझे घोटे सुजतात. बोटीवर असलेल्या मुलाने सिंगापूरहून चिनी काढ्याच्या पुड्या आणल्या आहेत. त्याने माझा त्रास सांगितल्यावर दुकानातील वैद्य म्हणाले की यकृताचा यांग वर चढला आहे. गोळी थांबवून काढा घेतला तर चालेल का?

प्रकाशभाई, बी-१०४: काकू, कृपा करून गोळी आपल्या मनाने थांबवू नका. औषधांच्या दुकानात माझी हयात गेली, म्हणून सविस्तर लिहितो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंत कॅल्शियम शिरले की ते आवळतात. अमलोडिपिन ती वाट अडवते, म्हणून वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. मात्र सैलावतात त्या मुख्यतः रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या. परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते आणि दिवसभर उभे राहिल्यावर घोट्यांशी साचते. मात्रा वाढली की ही सूजही वाढते, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. डॉक्टर बहुधा मात्रा कमी करतात किंवा शिराही सैल करणारे टेल्मिसार्टनसारखे औषध जोडतात. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

चिनी वैद्यकाची मला मनापासून कदर आहे. यिन म्हणजे शरीरातील शांत, शीतल शक्ती आणि यांग म्हणजे उष्ण, चढती शक्ती; यिनचे बळ घटले की यकृताचा यांग उसळतो आणि डोकेदुखी, चक्कर, चिडचिड सुरू होते, असे ते मानते. परंतु पायांच्या सुजेसाठी तेच शास्त्र प्लीहा आणि मूत्रपिंडाकडे पाहते, शिवाय जीभ आणि नाडी तपासल्याविना निदान पुरे मानत नाही. तुमची नाडी तर कोणी पाहिलेलीच नाही, आणि ही सूज गोळीने आणली असण्याचा संभव त्या वैद्यांना कळलाही नसेल.

वर्षा, सी-२०१: काकूंनी मला पुडी दाखवली. तीवरील यादीत तिआनमा आणि गौतेंग या चिनी वनौषधींबरोबर ज्येष्ठमधही आहे. ते तर आपण खोकल्याला घेतोच, मग त्याने काय बिघडणार?

प्रकाशभाई, बी-१०४: खोकल्याला एखादा तुकडा चघळणे वेगळे आणि रोजचा काढा वेगळा. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातील एका विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावते, शरीर मीठ धरून ठेवते, पोटॅशियम गमावते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे गोळी एकीकडे ओढणार आणि काढा दुसरीकडे. गौतेंगमधील रिंकोफिलिन तर प्रयोगशाळेत कॅल्शियमचीच वाट अडवताना दिसले आहे, त्यामुळे गोळीसोबत ते किती भर घालील हे पुडीवरून ठरवता येणार नाही. वनौषधीतून रक्तदाबाचे औषध मिळते हे आपल्याला नवीन नाही: मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडला, पण तो रुग्णांचे दाब मोजून मांडला होता.

सुनंदाकाकू, ए-३०२: काढा घेत नाही, पुडी डॉक्टरांनाच दाखवते. त्यांनी टेल्मिसार्टन जोडले, तर माझे रोजचे शहाळे चालेल का?

प्रकाशभाई, बी-१०४: तेही आवर्जून विचारा. टेल्मिसार्टनने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते आणि शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियमची तपासणी होईपर्यंत शहाळे रोज नको. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडेही तूर्त बाजूला ठेवा, कारण त्यांतील मीठ रक्तदाब वाढवते आणि टेल्मिसार्टनच्या कामात आडवे येते.