मेममूव्हला मराठीत काय म्हणावं? हलवणे, सरकवणे की आणखी काही

खोडरबर
सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं तयार करतोय, दोघं मिळून. मेमकॉपी, मेमसेट आणि मेममूव्ह ही तिच्यातली मेमरीवर काम करणारी तयार फंक्शन. मेमकॉपी म्हणजे नक्कल करणे आणि मेमसेट म्हणजे भरणे, इथपर्यंत आमचं जमलं. मेममूव्हवर अडलंय. माझा जोडीदार म्हणतो सरळ "हलवणे" लिही, नावातच मूव्ह आहे. मी म्हणतो हलवलं की जुनी जागा रिकामी झाली असं वाटणार, आणि तसं तर काही होत नाही. दोन बफर, म्हणजे मेमरीतले डेटाचे तुकडे, एकमेकांपासून लांब असतील तर मूळ डेटा जिथल्या तिथे राहतो, म्हणजे तीही नक्कलच. फरक एवढाच की दोन्ही भाग एकमेकांवर चढलेले असले तरी मेममूव्ह उत्तर बरोबर देतं, मेमकॉपी तिथे कसलीच हमी देत नाही. तर एखादा शब्द सुचवा.

बिनटोपीचा
हलवणेच ठेवा की. इंग्रजीत तरी मूव्ह कुठे बरोबर आहे? ८०८६ या जुन्या प्रोसेसरचं मूव्ह इन्स्ट्रक्शन घ्या, कोबॉल या जुन्या भाषेतलं मूव्ह घ्या, सगळीकडे नक्कलच होते आणि मूळ तसंच राहतं. या धंद्यात मूव्ह म्हणजे कॉपी हे इतकं जुनं आहे की आता दुरुस्त करायला जाऊ नये.

मधली_ओळ
इंग्रजीने गोंधळ घातला म्हणून आपण तोच मराठीत आणायचा का पण? फाइल मूव्ह केली की जुन्या फोल्डरमधून जाते, तिथे हलवणे एकदम चपखल बसतं. त्याच माणसाला दुसऱ्या पानावर हलवणेचा उलटा अर्थ कसा शिकवणार

शब्दवेडा
गंमत म्हणजे "नक्कल" हा शब्द ज्या अरबी नक़्लवरून आला त्याचा मूळ अर्थच वाहून नेणे, एका जागेवरून दुसरीकडे नेणे असा आहे, आणि लिहून उतरवून घेणे हा अर्थही त्याच शब्दाला आहे. म्हणजे मेमकॉपी आणि मेममूव्ह यांचं भांडण त्या एका शब्दात आधीपासून नांदतंय. माझं मत "उतरवणे". पोथी उतरवली म्हणून मूळ पोथी कोरी होत नाही.

बिनटोपीचा
डेटा उतरवला म्हणजे डाउनलोड केला असं वाचतील लोक.

सरळरेषा
सरकवणे! मेममूव्ह लोक मुख्यतः वापरतात कशासाठी, तर अ‍ॅरेच्या (ओळीने मांडलेल्या घरांच्या) मधे एक घर मोकळं करायला किंवा मधलं एक काढून टाकल्यावर मागचे पुढे ओढायला. आणि बाकावर बसलेल्यांना एकेक जागा उजवीकडे सरकवायचं असेल तर उजव्या टोकाच्याने आधी सरकायला लागतं, नाहीतर दुसऱ्याच्या मांडीवर बसाल. मेममूव्ह हेच करतं, डेस्टिनेशन (जिथे न्यायचं ती जागा) पुढे असेल तर शेवटाकडून सुरुवात करतं, मागे असेल तर पुढून. शब्दातच दिशा आली.

मधली_ओळ
सरकवणे आवडलं. पण तुझ्या बाकावर डावीकडची जागा मोकळी होते. मेमरीत होत नाही, तिथे जुनाच आकडा बसलेला असतो आणि नवीन मुलं नेमकी तिथेच फसतात, एकच नोंद दोनदा छापली का जातेय म्हणून तासभर शोधत बसतात. म्हणजे हलवणेवरचा आक्षेप यालाही लागू.

देवभाषाप्रेमी
आपल्याकडे शब्दांची एवढी खाण असताना हे सरकवा-ढकलवा कशाला? मेमकॉपी = स्मृतिप्रतिलेखन, मेमसेट = स्मृतिपूरण, मेममूव्ह = अतिव्याप्तिसह प्रतिलेखन. महापौर आणि दिनांक हे शब्दही एकदा नवेच होते, तेव्हाही लोक हसले असतील.

शब्दवेडा
अहो, अतिव्याप्ती न्यायशास्त्रात व्याख्येचा दोष आहे, जे बसायला नको तेही व्याख्येत बसतं तेव्हा. दोन बफरचा सामाईक भाग म्हणजे अतिव्याप्ती नव्हे. "परस्परव्याप्त" म्हणा फार तर. किंवा मराठीत "सामाईक भाग" म्हणा, शाळेतल्या संचांपासून सगळ्यांना माहीत आहे.

सरळरेषा
स्मृतिपूरण ऐकून विसरभोळेपणावरचं चूर्ण वाटलं, माफ करा

देवभाषाप्रेमी
हसा. तुम्हाला बफर, पॉइंटर, अ‍ॅरे सगळं इंग्रजीच चालतं, मग मेममूव्हचंच काय घोडं मारलंय, तेही तसंच ठेवा.

कोल्हेकुई
खरंय त्यांचं. रोजच्या कामात "इथून तिथे मेमकॉपी मार" असंच म्हणतो आपण. बाकी "कॉपी मारणे" म्हटलं की परीक्षाच आठवते, तिथेही शेजाऱ्याचा पेपर रिकामा होत नाही, तेव्हा अर्थाला धक्का नाही. मला वेगळाच प्रश्न आहे. फंक्शनला दिल्या जाणाऱ्या आर्ग्युमेंटचा क्रम. मेमकॉपीत आधी डेस्टिनेशन, मग सोर्स. मराठीत आपण "यातलं त्यात" म्हणतो, आधी सोर्स. जुन्या बीकॉपी या तशाच नक्कल करणाऱ्या फंक्शनचा क्रम तसा होता, आधी सोर्स मग डेस्टिनेशन, तो मला कधी पाठ करावा लागला नाही. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डने २००८ च्या आवृत्तीतून काढून टाकलं ते.

बिनटोपीचा
मेमकॉपीचा क्रम असाइनमेंटसारखा आहे, डावीकडे घेणारा उजवीकडे देणारा, असं लक्षात ठेवा. मेमसेटचा क्रम त्याहून वाईट. बफर, भरायची किंमत, लांबी. शून्य भरताना शेवटच्या दोघांची अदलाबदल झाली की लांबीच शून्य होते, म्हणजे काहीच भरलं जात नाही, आणि प्रोग्रॅम हूं का चूं करत नाही. आजचे कंपायलर इशारा देतात, पण वाचतं कोण.

खोडरबर
मेमसेटचं "भरणे" तरी सगळ्यांना मान्य ना? म्हणजे तेवढं तरी छापतो.

मधली_ओळ
नाही 😀 भरणे म्हटलं की मुलं चार बाइटच्या इंट, म्हणजे पूर्णांकांच्या, अ‍ॅरेत १ भरायला जातात आणि प्रत्येक घरात १६८४३००९ निघतं, कारण मेमसेट प्रत्येक बाइटमध्ये १ लिहितं, घरात नाही. शून्य आणि उणे एक तेवढे नशिबाने बरोबर येतात. तेव्हा "बाइटगणिक भरणे" असं काहीतरी लिहा.

घड्याळजी
शब्दांचं चालू द्या, पण टिपणात वेगाबद्दल पण लिहा. अजून लोक हाताने एकेक बाइटचा लूप लिहितात आणि वर सांगतात की फंक्शन कॉल वाचवला. लहान आणि आधीच ठाऊक असलेल्या लांबीसाठी कंपायलर मेमकॉपीचा कॉल करतच नाही, दोनचार मूव्ह टाकून मोकळा होतो. मोठ्या लांबीला लायब्ररी १६ किंवा ३२ बाइटचे तुकडे उचलते, आणि इंटेलच्या २०१२ च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरपासून तर आरईपी मूव्हएसबी हे बाइटामागून बाइट नक्कल करणारं साधं इन्स्ट्रक्शन सुद्धा बऱ्याच ठिकाणी तोडीस तोड चालतं. बफर कॅशेपेक्षा (प्रोसेसरजवळच्या लहान वेगवान मेमरीपेक्षा) बराच मोठा असेल आणि लगेच परत वाचायचा नसेल तर कॅशे टाळून लिहिणाऱ्या स्टोअर इन्स्ट्रक्शन वापरतात, नाहीतर उपयोगाचा डेटा विनाकारण बाहेर फेकला जातो. मोठ्या बफरसाठी मॅलॉकने मेमरी मागून वर मेमसेटने शून्य भरण्याऐवजी शून्य भरूनच मेमरी देणारं कॅलॉक घ्या, कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) मेमरीची ताजी पानं आली असतील तर ती शून्यच असतात, परत लिहायला नको.

बिनटोपीचा
बरोबर आहे सगळं, पण मेममूव्ह हळू म्हणून मेमकॉपीच वापरा असा अर्थ लोक काढतील. मेममूव्हला जास्तीचं काम म्हणजे पॉइंटरची (मेमरीतल्या पत्त्यांची) एक तुलना, ती मोठ्या बफरमध्ये जाणवत पण नाही. शंका असेल तिथे मेममूव्ह.

घड्याळजी
शंका असेल तर सीचं स्टँडर्ड वाचा. सामाईक भाग असताना मेमकॉपी म्हणजे अनडिफाइंड, काय होईल याची हमीच नाही, विषय संपला.

कोल्हेकुई
२०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर हा विषय संपला नव्हता. जीलिबसी या सीच्या लायब्ररीचं नवीन मेमकॉपी काही प्रोसेसरवर शेवटाकडून नक्कल करायला लागलं आणि फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला, कारण तिथे सामाईक भागावर मेमकॉपी चाललेलं आणि इतकी वर्षं ते खपून गेलेलं. लिनक्स सुरू करणाऱ्या लायनस टॉरव्हाल्ड्सचा रोख असा होता की वापरणाऱ्याला स्टँडर्डशी देणंघेणं नसतं, त्याचं चालू असलेलं बंद पडलं एवढंच त्याला दिसतं. पुढे जुन्या प्रोग्रॅमना मेमकॉपीच्या नावाखाली मेममूव्हचीच वागणूक दिली गेली.

देवभाषाप्रेमी
म्हणजे अशुद्ध वापरणाऱ्यांसाठी शुद्ध वाकलं. इथेही तेच चाललंय.

शब्दवेडा
आणि वाकलं म्हणून चाललं, हेही बघा की. "बफर" सुद्धा रेल्वेतून आलाय, डब्यांचा धक्का झेलणारा. आपण तो झेलून घेतला तसा "मूव्ह" पण घेऊ.

मधली_ओळ
पासवर्ड पुसण्यासाठी मेमसेट वापरतात त्याला पण भरणेच म्हणायचं का? नंतर तो बफर कोणी वाचत नाही म्हणून कंपायलर ते मेमसेट खुशाल काढून टाकतो, म्हणूनच कंपायलरला काढता न येणारं एक्सप्लिसिट बीझीरो आणि सी२३ या सीच्या आवृत्तीमधलं मेमसेट एक्सप्लिसिट आलं. तिथे "पुसणे" हवं, आणि "भरणे" वेगळं हवं.

घड्याळजी
पुसणे कसं, लिहिणंच आहे ते. शून्य लिहिणं.

मधली_ओळ
हेतू पुसण्याचा आहे हो.

घड्याळजी
प्रोसेसरला हेतू कळत नाही.

मधली_ओळ
टिपण प्रोसेसरसाठी लिहितायत का?