सिरियलमधली 'गावाकडची' माणसं नेमकी कुठल्या गावची असतात?

पंचगंगाकाठची
मी कोल्हापूरची, नोकरीला पुण्यात. ऑफिसात नवीन कुणी भेटलं आणि कोल्हापूर म्हटलं की पहिलं वाक्य "चालतंय की बोलून दाखव ना". 'तुझ्यात जीव रंगला' बंद होऊन वर्षं झाली तरी राणादा काय पाठ सोडत नाही. बरं ते एक सोडा, माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्याकडं बायका सर्रास "मी आलो, मी जेवलो" म्हणतात, माझी आई, आज्जी, मीपण. आता कोल्हापूरच्या म्हणून दाखवलेल्या किती बायका टीव्हीवर असं बोलताना ऐकल्यात सांगा? त्यांना फक्त "व्हय", "न्हाय" आणि मोठ्ठा आवाज दिला की झालं गावरान. आणि घरातली शिकलेली सून मात्र सदाशिव पेठेतली. हे फक्त मलाच खटकतंय का?

ठेचा_भाकर
नाही हो ताई, मी अकोल्याचा, आमचं दुखणं तेच. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची म्हणून सुरुवातीला आमच्या घरी लय कौतुक, अनिता दाते मूळची नाशिकची असून तिनं मेहनत घेतली हे मान्यच करा लागते. पण त्यानंतर जो तो प्रत्येक क्रियापदाले 'राहिली' चिकटवते, "येऊन राहिली, खाऊन राहिली", आणि समजते वऱ्हाडी झाली. अरे नागपूरचं वेगळं, अकोल्याचं वेगळं, अन् भंडारा-गडचिरोलीची झाडीबोली तर अजूनच वेगळी. अन् गोष्ट काय होती पाहा ना, नवऱ्याले जिची लाज वाटते तिचा हेल नागपुरी, अन् ज्या शनायाच्या मागं तो लागते ती बोलते शहरी. पुढं राधिकानं मसाल्याचा धंदा उभा केला म्हणून निदान हिशोब बरोबर झाला.

आकेरी_तिठो
आमच्याबद्दल कोण बोलणार? 'रात्रीस खेळ चाले' 2016 ला आली तेव्हाच सिंधुदुर्गात ओरड झाली होती की कोकण म्हणजे नुसती करणी आणि भुतं का. शूटिंग आकेरीतच, त्यामुळे वाडा बघायला माणसं यायला लागली, हॉटेलवाले खूश, ते पण खरं. मला बोचलं ते वेगळं. मुंबईहून आलेले माधव-निलिमा प्रमाण मराठी बोलणार आणि शास्त्राच्या गोष्टी तेच करणार, मालवणी बोलणाऱ्यांच्या वाट्याला उतारे नि देवस्की. आमी काय चोवीस तास गाऱ्हाणीच घालतंव? बाकी अण्णा नाईक मीपण बघितलाय, खोटं कशाला बोलू, एक एपिसोड चुकवला नाही.

बोरिवली_स्लो
हिंदीवाल्यांचं बघा मग. मार्च 2020 मध्ये 'तारक मेहता'त चंपकलाल म्हणाला मुंबईची भाषा हिंदी, केवढा गोंधळ झाला, शेवटी त्यांना माफी मागायला लागली. बरोबरच झालं. पण त्याच सिरियलमध्ये अय्यरच्या काळ्या रंगावर 2008 पासून जोक चालले होते, शास्त्रज्ञ दाखवलाय तरी त्याची ओळख काय तर इडली-सांबार आणि हेल. आणि तो अय्यर करणारे तनुज महाशब्दे मराठीच आहेत. तेव्हा आपल्यापैकी कोण पेटलं? मी तर नाही पेटलो, मी जेवता जेवता हसत होतो. आणि आपल्या मराठी सिरियल काय कमी आहेत, भैया दिसला की दूधवाला नाहीतर वॉचमन, मारवाडी म्हणजे व्याजाचा हिशोब, गोव्याचा ख्रिश्चन म्हणजे हातात बाटली आणि "काय मॅन".

ठेचा_भाकर
@बोरिवली_स्लो हे लागलं बे. आमच्या गॅदरिंगले मीच मद्राशी अण्णा करत होतो, लुंगी वर करून. बक्षीसपण भेटलं होतं.

पंचगंगाकाठची
सगळ्यांचं पटलं, गोव्याचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक मात्र सांगते, 'लागिरं झालं जी' मध्ये बरीच मंडळी साताऱ्याकडचीच घेतली होती आणि हिरो-हिरॉईन दोघंपण गावचंच बोलायची, नुसता गडी आणि मोलकरीण नाही. म्हणजे जमतं की, करायचं ठरवलं तर.

परवा आईला एका सिरियलचा सीन दाखवला, कोल्हापूरची सासू ठसक्यात ओरडतीय असा. आई भाजी निवडत होती, मान वर करून म्हणाली, "ही कुठली गं? आपल्यात कोण बोलतंय असं? सोलापूरकडची असंल." आता कुणी सोलापूरकर असाल इथं तर तुम्ही सांगा, तुमची आहे का ती.