रोजच्या कामाची न मिटणारी सुरी कशी पारखावी?

बागायतदार_दापोली

नमस्कार. दापोली तालुक्यात आमची नारळ-पोफळीची आणि थोड्या हापूसची बाग आहे. कमरेला कोयता असतोच, पण कोयता हे तोडण्याचे हत्यार आहे. ठिबकची नळी कापणे, खताच्या गोणीचा टाका उसवणे, सुंभ तोडणे, आंब्याच्या खोक्यांच्या पट्ट्या कापणे, मधेच एखादी कैरी चिरून पाहणे, अशा दिवसातल्या तीस-चाळीस बारीक कामांना तो अवजड पडतो. आजवर मिटणारा चाकू वापरला, पण त्याच्या खाचेत माती आणि चीक जाऊन एका मोसमात तो घट्ट होतो आणि ओल्या हाताने उघडताना माझे नख दोनदा उलटले आहे. म्हणून यंदा दोन न मिटणाऱ्या सुऱ्या घेतल्या. एक ऑनलाइन मागवलेली स्टेनलेसची आहे. पाते चार इंच, जाडी अडीच मिलिमीटर, मूठ रबरी आणि म्यान प्लॅस्टिकची. दुसरी गावच्या लोहाराकडून ट्रकच्या पाट्यापासून घडवून घेतली. पाते साडेचार इंच, पाठीला चार मिलिमीटर जाड आणि मूठ शिवणीच्या लाकडाची.

स्टेनलेसची सुरी आली त्या दिवशी हातावरचे केस काढत होती. पंधरा दिवसांत तिच्या धारेच्या मधोमध असा एक पट्टा तयार झाला आहे की तिथे टोमॅटोची साल नुसती दबते, चिरली जात नाही. लोहाराची सुरी पहिल्या दिवशी तेवढी लागत नव्हती, पण जशी होती तशीच आजही आहे. मात्र तिने कैरी कापली की थोड्याच वेळात पाते निळसर काळे पडते आणि फोडीला लोखंडाची चव येते. व्हिडिओंमध्ये लोक सुरीवर सोटा मारून ओंडके फोडतात, पात्याने खिळे तोडून दाखवतात, परंतु त्यावरून माझ्या कामाविषयी मला काहीच कळत नाही. यंत्रसामग्री नसताना घरच्या घरी सुरी कशी पारखावी आणि कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

टूलरूम_कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आणि नंतर हीट ट्रीटमेंट विभागात मिळून एकतीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या स्टेनलेस सुरीची धार झिजली आहे की वळली आहे, हे आधी ठरवा. सुरी उन्हात धार वर करून धरा आणि हळूहळू तिरकी करा. चांगली धार डोळ्यांना दिसत नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे धार उरलेली नाही. मग अंगठ्याचे नख पाठीकडून धारेकडे अलगद ओढा, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. एकाच बाजूला नख अडकले तर धार वळली आहे, आणि दोन्ही बाजूंना गुळगुळीत लागले तर ती झिजून गोल झाली आहे. पंधराच दिवसांत आणि फक्त मधल्या पट्ट्यात हे झाले, त्यावरून ती वळली असावी असे मला वाटते. करवंटी किंवा ठिबकच्या नळीतला कडक सांधा धारेला तिरका लागला तरी एवढे पुरते.

यावरून पोलादच वाईट आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. अशा पुष्कळ सुऱ्यांना स्वीडनच्या मोरा गावाकडच्या पद्धतीची घासणी असते, म्हणजे पाते एकाच सपाट उताराने थेट धारेपर्यंत उतरते आणि दोन्ही बाजूंचा मिळून कोन साधारण २३ ते २५ अंशांचा भरतो. लाकूड तासायला ही घासणी उत्तम आहे, पण इतकी पातळ धार टणक वस्तूवर तिरकी दाबली गेली की वळते. तुमच्या लोहाराने बहुधा कानशीने चाळीस अंशांच्या आसपास धार काढली असणार, म्हणून ती कमी लागते आणि जास्त टिकते. आतापर्यंत तुमच्याकडे तुलना झाली ती कोनांची. पोलादाची अजून व्हायची आहे. स्टेनलेसची सुरी दगडावर तिच्या मूळ उतारापेक्षा थोडी उभी, प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास धरून, हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढा. उताराच्या टोकाशी केसाएवढी दुसरी धार तयार होते आणि वळण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो.

कडकपणाबद्दल थोडेसे. कारखान्यात तो रॉकवेल सी मापाने मोजतात. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि तो किती खोल गेला त्यावरून आकडा काढतात. रोजच्या सुरीला ५६ ते ६० हा आकडा योग्य समजावा. घरी नवी बारीक कानस धारेजवळ, अगदी टाचेच्या म्हणजे मुठीलगतच्या कोपऱ्यात, एकदाच अलगद ओढून पाहा. ती सहज चावली तर पाणी, म्हणजे पाते तापवून एकदम थंड करून आणलेला कडकपणा, कमी बसले आहे, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी जास्त आहे आणि त्या धारेचे कपचे उडतील, आणि किंचित, जणू नाखुशीने चावली तर पाणी ठीक बसले आहे. लोहाराला पुढच्या वेळी एवढे जरूर विचारा की पाणी दिल्यावर पाते पुन्हा तापवून नरमावताना त्याने कोणत्या रंगाला थांबवले. धारेपाशी गव्हाळ पिवळा रंग आला की सुरीला तो पुरतो, निळा येईपर्यंत तापवले तर धार नरम पडते.

आता मुख्य चाचणी. धारेसाठी आयएसओ ८४४२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा पाचवा भाग आहे. त्यात सिलिकाचे कण मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर ठरावीक भाराने साठ वेळा पाते मागेपुढे चालवतात आणि एकूण किती मिलिमीटर कागद कापला गेला ते मोजतात. यातली कल्पना घरी आणता येते. स्वयंपाकघरातल्या दहा किलोच्या वजनकाट्यावर एक छोटी फळी ठेवा आणि फळीवर सुंभाचा एकच पेड आडवा ठेवा. सुरी न ओढता सरळ खाली दाबत जा आणि पेड तुटला त्या क्षणी काट्यावर कोणता आकडा होता ते लिहा. आकडा झटकन निघून जातो, म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करावे. काथ्या कुठे जाड तर कुठे पातळ असतो, त्यामुळे दर वेळी पाच पेड कापून मधला आकडा धरावा. त्यानंतर खोक्याच्या पुठ्ठ्याच्या शंभर लांब पट्ट्या कापा आणि पुन्हा काट्याकडे या. पात्यावर मार्करने दोन इंचांचा भाग आखून घ्या आणि सगळे कापणे त्याच भागाने करा, नाही तर नकळत धारेची ताजी जागा वापरली जाते.

हे सुरू करण्यापूर्वी दोन्ही सुऱ्यांना एकाच दगडावर, शक्य तितक्या एकाच कोनात, स्वतःच्या हाताने धार लावा. कारखान्यातून आलेली धार पारखताना हिशेबात धरूच नये, कारण ती एकदाच मिळते आणि पुढची सगळी वर्षे तुम्हाला तुमच्या हातची धार वापरायची आहे. शेवटी घड्याळ लावून पाहा की बोथट सुरी वर्तमानपत्राचा कागद न फाडता कापू लागेपर्यंत किती मिनिटे गेली. माझ्या लेखी हा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. धार जास्त टिकणारी पण घरच्या दगडाला दाद न देणारी सुरी शेवटी बोथटच वापरली जाते, आणि बोथट सुरीला जोर लावताना हात कापतो हे मी कामावर अनेकदा पाहिले आहे.

लाकूडकाम_स्टॉकहोम

काकांनी धारेविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात मी भर घालणार नाही. मुठीविषयी मात्र लिहिते. मी काही वर्षांपासून स्वीडनमध्ये राहते आणि इथे लाकडी चमचे कोरायला शिकले. हस्तकला हा इथल्या शाळेत सक्तीचा विषय आहे आणि मुले तिथे लाकूडकामही करतात. काकांनी उल्लेख केलेले मोरा दालार्ना प्रांतात आहे आणि त्याच्या शेजारच्या ओस्टनोर गावात १८९१ पासून सुऱ्यांचा कारखाना आहे. त्या साध्या सुऱ्यांची मूठ हातात घेतली की एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे तिला कुठेही टोकदार कड नसते आणि ती मधे फुगीर असते.

तुम्ही एखादी ओली फांदी घ्या आणि सलग वीस मिनिटे नुसत्या लांब सालपट्ट्या काढा. पाच मिनिटांत सगळ्याच मुठी चांगल्या वाटतात. वीस मिनिटांनी तळहात उघडून पाहा. जिथे लाल ठिपका आला असेल तिथेच मुठीला नको असलेला उंचवटा आहे. तुमची मूठ शिवणीची आहे, म्हणजे तो उंचवटा पॉलिश पेपरने तासभरात काढता येईल. हे रबरी मुठीला करता येत नाही, आणि म्हणून लोहाराच्या सुरीबद्दल मला विशेष आस्था वाटते.

दुसरे असे की हाताला खोबरेल तेल लावून मूठ धरून पाहावी. धारेवर आधी जाड चिकटपट्टी दोन-तीन पदरी लावावी आणि मग टोक केळीच्या खुंटात सरळ खुपसावे. हात पात्याकडे सरकला तर त्या मुठीला पुढे आडवी कड हवी. आपल्याकडे मासळी साफ करताना किंवा नारळ सोलताना हात असाच निसरडा होतो.

कैरीने पाते काळे पडते ते आम्लामुळे, आणि तो डाग म्हणजे गंज नव्हे. साध्या पोलादावर असा राखाडी थर एकदा सगळीकडे सारखा बसला की चव उतरणे बरेच कमी होते. तांबूस आणि हाताला खरखरीत लागतो तो गंज. तो मात्र लगेच काढावा.

घाटवाट

मी सह्याद्रीत भटकतो, तेव्हा म्यान आणि कायदा एवढ्यापुरतेच लिहितो.

म्यानात सुरी घालून उलटी धरा आणि जोरात झटका. निसटली तर ती म्यान कमरेला लावण्याच्या लायकीची नाही. म्यानेच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोक आहे का ते पाहा. नसेल तर कोकणच्या पावसात स्टेनलेसलाही धारेपाशी ठिपके पडू शकतात, कारण स्टेनलेस गंजते कमी, अजिबात गंजत नाही असे नाही. चामड्याच्या म्यानेत साधे पोलाद रात्रभर ओले ठेवू नये. मुठीच्या टोकापर्यंत पाते गेलेले नसेल तर तिच्यावर सोटा मारून लाकूड फोडणे टाळावे. तुमच्याजवळ कोयता आहेच, त्यामुळे ही चाचणी तुम्ही खुशाल सोडून द्या.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम यांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तुमच्या दोन्ही सुऱ्या या मापात बसतात. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसोबत हत्यारे बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात आणि त्यांत सुरीचाही उल्लेख असतो. म्हणून बाजाराला किंवा जत्रेला जाताना ती कमरेला न ठेवता घरीच ठेवून जावे.

बागायतदार_दापोली

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे या सूचनांप्रमाणे पाहिले आणि जे दिसले ते लिहितो.

नखाने पाहिल्यावर स्टेनलेसची धार उजव्या बाजूला वळलेलीच निघाली. दोन्ही सुऱ्यांना काकांनी सांगितल्याप्रमाणे धार लावली आणि काटा मांडला. पहिल्या फेरीत स्टेनलेसला सुंभाचा पेड तोडायला ३.१ किलो लागले आणि लोहाराच्या सुरीला ३.९ किलो. शंभर पट्ट्यांनंतर तेच आकडे ५.६ आणि ५.४ झाले. म्हणजे लोहाराची सुरी सुरुवातीला जड चालते, कारण तिची धारेमागची जाडी जास्त आहे, पण तिची घसरण कमी होते. कानस तिच्या टाचेवर किंचितच चावली, तेव्हा पाणी नीट बसले आहे. घड्याळाने मला चकित केले. पुन्हा वर्तमानपत्र कापू लागायला स्टेनलेसला चौदा मिनिटे लागली आणि पाट्याच्या पोलादाला सहा. स्टेनलेसच्या धारेवरची बर, म्हणजे दगडावर घासताना कडेला उरणारी धातूची बारीक पापडी, निघता निघत नव्हती. शेवटी ती जुन्या चामडी पट्ट्यावर उलटी ओढून काढावी लागली.

ताई, तुमची वीस मिनिटांची चाचणी आमच्या गड्यालाही करायला सांगितली. त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही तळहातावर करंगळीखाली एकाच जागी लाल ठिपका आला. शिवणीची मूठ तिथे घासून घेतली आणि तेल पाजले. आता ती हातात बसते. तेलकट हाताच्या चाचणीत मात्र रबरी मूठ निर्विवाद सरस ठरली.

आंब्याचे काम असेपर्यंत कमरेला स्टेनलेस ठेवणार आहे, कारण चीक आणि कैरी यांपुढे साधे पोलाद दर तासाला पुसत बसणे कामाच्या घाईत होत नाही. सुंभ, गोण्या आणि पुठ्ठा यांसाठी लोहाराची सुरी पोफळीच्या बागेत राहील. येत्या आठवड्यात ती त्याच्याकडे नेऊन धारेमागचा भाग थोडा पातळ करून घेतो, मात्र सहाणेवर पाते तापून पाणी उतरू नये म्हणून दर दोन घासांनंतर ते बादलीत बुडवायला सांगणार आहे. त्यानंतर काट्यावरचे आकडे पुन्हा घेऊन इथेच लिहीन.