दुपारची एक बिअर, संध्याकाळचा बार: चेनी प्रकरणात नक्की चुकलं काय?

ह्यूस्टनकर
२०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी गेले तेव्हा मृत्युलेखांत इराक युद्धासोबत लाव्यांच्या शिकारीचा तो प्रकारही होताच, आणि तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी मंडळीत हा वाद दर जेवणावळीला निघतोय म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ फेब्रुवारी २००६, दक्षिण टेक्सासमधलं आर्मस्ट्राँग रँच, संध्याकाळचे साडेपाच वगैरे. चेनी तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष. सोबत ऑस्टिनचे वकील हॅरी व्हिटिंग्टन, वय ७८. व्हिटिंग्टन आपण पाडलेला पक्षी शोधायला मागे राहिले, चेनी दुसऱ्या थव्याकडे गेले, एक लावा उजवीकडे उडाला, चेनी त्याच्यामागे बंदूक फिरवत गेले आणि बार काढला. तोपर्यंत व्हिटिंग्टन मागून येऊन तीसेक यार्डांवर उभे होते, छर्रे थेट तोंडावर, मानेवर आणि छातीवर. तीन दिवसांनी एक छर्रा हृदयाशी पोचल्यामुळे त्यांना सौम्य हार्ट अटॅकपण आला. वाचले बिचारे, २०२३ मध्ये ९५ व्या वर्षी गेले.

चेनींनी चार दिवसांनी टीव्हीवर मुलाखत दिली, त्यात सांगितलं की दुपारी जेवताना एक बिअर घेतली होती. झालं, लोक आजपर्यंत त्या बिअरलाच चिकटून बसलेत. माझं म्हणणं असं की बिअरवर वाद घालत बसलं की चेनी सुटतात. ते स्वतःच म्हणाले होते की सूर्य पश्चिमेला खाली आलेला, व्हिटिंग्टनच्या बरोब्बर मागे, आणि ते थोड्या खोलगट जागेत होते. अंगावर केशरी जॅकेट होतं तरी दिसले नाहीत. अरे मग दिसत नव्हतं तर घोडा ओढलाच कशाला? पक्ष्याच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर पक्षी सोडून द्यायचा, हे इथे दहा-बारा वर्षांच्या पोरांना शिकवतात. बिअर प्यायलेला असो वा नसो.

बंड्या_डॅलस
अर्धीच बाजू सांगितलीत. मागून येणाऱ्याने आवाज द्यायचा असतो, "मी इथे आहे" म्हणून, हा रांगेतल्या शिकारीचा पहिला नियम आहे, रँचच्या मालकीणबाईंनी पण सुरुवातीला हेच सांगितलं होतं की व्हिटिंग्टननी येताना सांगितलं नाही. मी स्वतः लाव्यांना जातो. थवा उडाला की फुर्रर्र करून चार दिशांना फुटतो आणि तुमच्याकडे फार तर दोन-तीन सेकंद असतात, तेवढ्यात मागे कोण परत आलंय हे कोण बघणार? अपघात होता, अपघातच म्हणा. दोघांची चूक.

ह्यूस्टनकर
@बंड्या दोन-तीन सेकंद असतात म्हणून तर झोन आधी ठरवतात ना राव! तिघे रांगेत असले तर प्रत्येकाला साधारण ४५ अंशांची फाक, त्याच्या बाहेर पक्षी गेला की तो तुमचा नाही, शेजाऱ्याचा. चेनी गर्रकन फिरले ते कुठल्या फाकेत बसतं सांगा. आणि "आवाज दिला नाही" हे पहिल्या दिवशी ऐकायला मिळालं, पण चेनींनी स्वतः मुलाखतीत ते खोडून काढलं. हॅरीची चूक नव्हती, दुसऱ्या कोणाला दोष देता येणार नाही, घोडा मी ओढला, अशा अर्थाचं ते स्पष्ट बोललेत. म्हणजे जो माणूस गोळी मारून बसला तो म्हणतोय माझी चूक आणि तुम्ही त्याला अर्धी माफी देताय.

नाकासमोर
दोघेही मुद्द्याला बगल देताय. "बिअर सोडा" म्हणणं सोपं आहे हो, पण बिअर किती होती हे कळणार कसं? पोलिसांनी चेनींशी बोलणं केलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत आठ बिअर असत्या तरी उतरल्या असत्या. रँचवर आधी सांगितलं गेलं दारू नव्हती, मग चेनीच म्हणाले एक घेतली. बातमी बाहेर आली तीसुद्धा दुसऱ्या दिवशी, तीही व्हाईट हाऊसकडून नाही तर रँचच्या मालकीणबाईंनी कॉर्पस क्रिस्टीच्या पेपरला कळवली म्हणून. तुम्ही-आम्ही ह्यूस्टनमध्ये रात्री कोणाला गाडीने उडवलं असतं तर "दुपारी एकच घेतली होती साहेब" म्हणून घरी जाऊन झोपलो असतो का? फुंकायला लावलं असतं जागेवर.

मी म्हणत नाही चेनी प्यायलेले होते. मी म्हणतो, तपासणी नाही म्हणजे शंकेला जागा, आणि ती जागा त्यांच्याच माणसांनी ठेवली.

डॉ_गुळवेल
थोडं गणित मांडतो, बाजू कोणाचीच घेत नाही (खरं तर घेतो, पण नंतर). साधी ३५५ मिलीची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. धडधाकट माणसाचं लिव्हर ते साधारण दीड-दोन तासांत निकालात काढतं. दुपारच्या जेवणापासून साडेपाचपर्यंत एकाच बिअरचं काही शिल्लक राहायचं कारण नाही. तेव्हा एकच असेल तर विषय संपला, नाकासमोर म्हणतात ते "असेल तर" मात्र खरंच उरतं.

आता बाजू. दारूचा पहिला परिणाम झोकांड्या जाणं हा नसतो, ते फार नंतर. थोड्या दारूतही आधी जातं ते दोन गोष्टींकडे एकदम लक्ष ठेवणं, आणि येतो तो फाजील आत्मविश्वास. उडणारा पक्षी आणि त्याच्या मागचा माणूस, लावा मारताना नेमकं हेच लागतं. म्हणून बंदूक कपाटात कुलपात जाईपर्यंत शून्य. एक नाही, अर्धी नाही. गाडीला कायद्याने मर्यादा आहे, टेक्सासात रक्तात ०.०८ टक्के, आपल्याकडे १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. बंदुकीला मला तशी मर्यादासुद्धा मान्य नाही.

बंड्या_डॅलस
डॉक्टर, मग थकलेल्या माणसाला पण बंदूक देऊ नका, ७० च्या पुढच्यांना देऊ नका, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना देऊ नका. कुठे थांबणार? दुपारी जेवताना एक थंड बिअर ही इथली रीत आहे, त्यावरून लगेच बेवड्यांच्या रांगेत उभं करायचं म्हणजे जरा जास्तच होतंय.

डॉ_गुळवेल
थकलेल्याला पण देऊ नकाच. तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, मी सल्ला म्हणून घेतो :)

दापोलीकर
तुमचं टेक्सासचं चालू द्या, पण इकडे कोकणात काय चालतं ते ऐका जरा. आमच्याकडे पारध म्हणजे रानडुक्कर. हाकारी एका बाजूने डबे वाजवत, बोंबा ठोकत येणार, बंदूकवाले दुसऱ्या बाजूला वाटांवर दबा धरून. हल्ली रात्री कपाळाला बॅटरी लावून पण जातात. झुडूप हललं की बार. डोळे चमकले की बार. आणि निघायच्या आधी कोणाच्या तरी पडवीत "थोडी थोडी" झालेली असते, थंडी असते, डास असतात, कारणं हजार. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पेपर वाचणाऱ्याला "डुक्कर समजून गोळी झाडली" ही बातमी काही नवी नाही.

लहानपणी बघितलंय, चुलत्याची शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची होती. नळीत बारूद, वर चिंधी, मग छर्रे, मग गजाने ठोकून ठोकून घट्ट करायचं. हे काम चुलता घरून निघताना करायचा, म्हणजे भरलेली बंदूक खांद्यावर घेऊन अंधारात बांध, दगड, वईचे काटे ओलांडत सगळी मंडळी एकामागोमाग. पुढच्याच्या पाठीला मागच्याची नळी. एकदा भरली की परत रिकामी करणं कटकटीचं, म्हणून काही मिळालं नाही तर पहाटे हवेत बार काढून घरी.

चेनीला काय झालं? उपराष्ट्राध्यक्ष म्हणून वैद्यकीय पथक सोबत, अँब्युलन्स हाताशी, व्हिटिंग्टनला लगेच उचलून हॉस्पिटलात. इकडे गोळी लागली तर गोधडीची झोळी करून दोन डोंगर उतरायचे, आणि उतरायचं की नाही यावरच आधी खल, कारण शिकारच बेकायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी पाहिजे. २०२५ च्या सुरुवातीला पालघरला काय झालं, डुकराच्या शिकारीला गेलेल्यांतला एकजण सोबत्याच्याच गोळीने गेला आणि बाकीच्यांनी मृतदेह जंगलात लपवल्याचं पोलिसांनी सांगितलं. तिथे बिअरची चर्चा करायला माणूसच जिवंत नाही.

नाकासमोर
दापोलीकर, म्हणजे तुमचं म्हणणं काय, शिकार कायदेशीर करा?

दापोलीकर
नाही हो, उलट अर्थ काढू नका. डुकराने भाताची वाट लावली की परवानगीचा कागद हातात येईपर्यंत शेत उरत नाही हेही खरं, पण माझा मुद्दा वेगळा. चोरून करायचं म्हटलं की सगळे नियम रात्रीत जातात. केशरी जॅकेट कोण घालणार, फॉरेस्टवाल्याला दिसायला?

काळा_कोट
वकिली ज्ञान पाजळतो, चालवून घ्या. (१) "प्यायलो होतो म्हणून कळलं नाही" हा बचाव आपल्याकडे स्वतःहून प्यायलेल्याला मिळत नाही. जुन्या आयपीसीत कलम ८५-८६, आता बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहिता) २३-२४. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली तर गोष्ट वेगळी. (२) निष्काळजीपणाने माणूस मेला तर बीएनएस १०६, ५ वर्षांपर्यंत. पूर्वी ३०४-अ मध्ये २ वर्षं होती. (३) लग्नात-वरातीत हवेत बार काढणाऱ्या हौशींसाठी २०१९ च्या दुरुस्तीत शस्त्र कायद्यात वेगळी शिक्षा आली, २ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

चेनींना टेक्सासात काय मिळालं? फौजदारी काही नाही. लाव्यांच्या शिकारीसाठी परवान्यावर लागणारा ७ डॉलरचा स्टॅम्प त्यांच्याकडे नव्हता, त्याची ताकीद मिळाली. माणसाच्या तोंडात छर्रे, आणि कागदावर उल्लंघन ७ डॉलरच्या स्टॅम्पचं. मी ह्यूस्टनकरांच्या बाजूने आहे, पण "जबाबदारी घेतली" हे टीव्हीवर बोलून घ्यायची गोष्ट असेल तर आमचा धंदाच बसेल.

बंड्या_डॅलस
व्हिटिंग्टनने स्वतः तक्रार केली नाही साहेब. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर उलट चेनी आणि त्यांच्या कुटुंबाला जे सोसावं लागलं त्याबद्दल वाईट वाटतं म्हणाला. ज्याला लागलं त्याची तक्रार नाही आणि २० वर्षांनी इथे तुम्ही खटला चालवताय.

काळा_कोट
गोळी खाणाऱ्याने मारणाऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, हे तुम्हाला चेनींच्या बाजूचं वाटतं? मला तर यात चेनींचं वजन किती होतं ते दिसतं. काही छर्रे शेवटपर्यंत त्याच्या अंगात राहिले.

ह्यूस्टनकर
एक राहिलं. टेक्सासात शिकारीचा सुरक्षा कोर्स सक्तीचा आहे तो २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. चेनींचा जन्म १९४१ चा, म्हणजे कायद्याने त्यांना तो कधी लागूच नव्हता. आयुष्यभराचा अनुभव असलेल्यांना शिकवायचं काय, असा त्यामागचा विचार. मी तो कोर्स केला तेव्हा शेजारी एक पंधरा वर्षांची मुलगी होती, तिला स्लाइडवर धावणारं हरीण आणि त्याच्या मागे झाडीत अर्धवट दिसणारं घर दाखवून विचारलं, मारशील? नाही म्हणाली, सेकंदही लागला नाही.

आणि डॉक्टरांशी सहमत, शून्य म्हणजे शून्य. आमच्या लीजवर (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या रानात) कूलर ट्रकमध्ये असतो आणि शेवटची बंदूक रिकामी करून केसमध्ये गेल्याशिवाय त्याचं झाकण उघडत नाही. पण दारू शून्य असूनही चेनींनी तो बार काढला असता असं मला वाटतं, म्हणून माझी पहिली तक्रार बंदूक फिरवण्याची, बिअर दुसऱ्या नंबरवर.

नाकासमोर
"असं मला वाटतं." बघा, शेवटी वाटण्यावरच आलात ना. त्या रात्री फुंकायला लावलं असतं तर वाटून घ्यावं लागलं नसतं.

दापोलीकर
तुमच्याकडे निदान कोर्स तरी आहे. चुलत्याबरोबर परवान्याच्या नूतनीकरणाला मी गेलोय, पीत असाल तर बंदूक कुठे ठेवता, घरात पोरं आहेत का, असला एक प्रश्न नाही. विचारलं ते एवढंच, इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा केली होती का, पावती दाखवा.