ऐरोलीत ३ किलोवॅट सोलर आणि बॅटरी: अनुदान नेमकं कशावर मिळतं?

गच्ची_ऐरोली
रो-हाऊस आहे, गच्ची मोकळी. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन, मंजूर भार २ किलोवॅट, महिन्याला ३०० ते ३५० युनिट. सोलर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी असं एकत्र कोटेशन आलंय: ५४० वॅटची ५ पॅनेल, ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींशी जोडता येणारा). इन्स्टॉलरच्या म्हणण्यानुसार सोलर आणि बॅटरी मिळून ७८,००० रुपये अनुदान बसतं. मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत. बँक खातं माझं. सुरुवात कुठून करू?

नेटमीटर
सुरुवात नावापासून. पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर अनुदान योजनेत अर्ज वीजबिलावरच्या नावाने होतो आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात येतात. आत्ता अर्ज केलात तर पॅनेल लागतील, नेट मीटरही (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) लागेल आणि शेवटी बँक तपशिलाशी येऊन गाडी अडेल. मृत्यूचा दाखला, घराचा मालकी कागद आणि इतर वारसांची नाहरकत जोडून आधी मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या. नवं नाव बिलावर छापून आलं की मगच योजनेच्या पोर्टलवर नोंदणी. बिलावर नुसती आद्याक्षरं आणि पासबुकात पूर्ण नाव, एवढ्यावरूनही काम खोळंबतं, म्हणून स्पेलिंगसुद्धा जुळवून घ्या.

बॅटरीवर या योजनेत एक रुपयाही नाही. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. त्यापुढे कितीही क्षमता लावली तरी आकडा तोच. बॅटरी जोडली म्हणून अनुदान जात मात्र नाही. प्रकल्प ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेला हवा एवढंच. निव्वळ ऑफ-ग्रिड असेल तर तो योजनेत बसत नाही.

आणि तुमच्या कोटेशनमध्ये ७८,००० होतच नाहीत. पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता, यांतला कमी आकडा धरतात. ५ पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट, म्हणजे ६०,००० अधिक १२,६०० = ७२,६००. सहावं पॅनेल घ्या: ३.२४ किलोवॅट पॅनेल, ३ चा इन्व्हर्टर, पूर्ण ७८,०००. शिवाय ते पॅनेल सरासरी दिवसाला दोनेक युनिट देत राहील ते वेगळंच. हीच सहा पॅनेल २.५ च्या इन्व्हर्टरवर लावली तर ६९,०००, तेव्हा दोन्ही आकडे बघा.

मंजूर भाराची काळजी नको. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरी आपोआप धरली जाते, भारही त्यासोबत वाढतो.

डीसीआर_तपासा
वरच्या सगळ्यात भर: पॅनेल डीसीआर नसेल तर अनुदान शून्य. डीसीआर म्हणजे सेल आणि मॉड्यूल (सेल जोडून बनलेलं पूर्ण पॅनेल) दोन्ही भारतात बनलेले. बाहेरून सेल आणून इथे जोडलेल्या पॅनेलवरही ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं, ते चालत नाही आणि दिसायला दोन्ही सारखीच.

टेम्पोतून पॅनेल उतरली की गच्चीवर चढवण्याआधी भिंतीला टेकवून मागच्या लेबलचा फोटो काढा. सहा पॅनेल, सहा फोटो, मॉडेल आणि सिरियल नंबर स्पष्ट दिसेल असे. काचेखालीही बारकोडची बारीक पट्टी असते, पण वॅट आणि मॉडेल मागेच. एकदा फूटभर उंचीच्या स्ट्रक्चरवर क्लॅम्प बसले की खाली हात जात नाही. हे नंबर ‘नाइस’ (राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था) या संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर तपासता येतात. इन्स्टॉलरने पोर्टलवर भरलेले नंबर आणि तुमचे फोटो जुळतायत ना, तेही पाहा.

कोटेशनमधला जीएसटीही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवर १२ ऐवजी ५ टक्के लागतो. पूर्ण कामाचा ७०:३० हिशेब (७० टक्के साहित्य, ३० टक्के सेवा, सेवेवर १८ टक्के) धरला तर १३.८ ऐवजी ८.९ टक्के. जुना दर लिहिलेली कोटेशनं अजून फिरतायत. बॅटरीवर १८ टक्के, म्हणून तिचं बिल वेगळं मागा. एकत्र आकड्यात कशाचे किती लावले ते कळत नाही.

ऐरोलीला खाडीची हवा आहे. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) आणि नट-बोल्ट स्टेनलेस ३०४ चे, असं कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. नुसता रंग मारलेला लोखंडी अँगल दोन-तीन पावसाळ्यांत वेल्डच्या जागी गंजायला लागतो. अर्थिंग तीन वेगळी हवीत: डीसी (पॅनेलची बाजू), एसी (घराची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून बचावाचा वीजरोधक. पैसे वाचवायला एकाच खड्ड्यात तिन्ही जोडतात, तिथे ठाम राहा.

बॅटरी_बॅकअप
बॅटरीचं माझं मत स्पष्ट आहे: बिल कमी करायला घेऊ नका. नेट मीटरमध्ये दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि तुमच्या खात्यात जमा राहते, ते काम बॅटरीने पुन्हा करायची गरज नाही. स्थिर आकार तसाही भरावाच लागतो.

वीज गेल्यावरचा प्रश्न वेगळा. साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तिथे हायब्रिड आणि बॅटरीचा उपयोग. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तास म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले साधारण साडेचार वापरायचे. फ्रिज, तीन पंखे, दिवे आणि वायफाय मिळून ४०० वॅट धरले तर अकरा तास. गीझर आणि एसी त्यावर नको.

बॅकअपसाठी वेगळा डीबी (वीजवितरणाची पेटी) काढा आणि त्याचा न्यूट्रलही वेगळा ठेवा. घराचा न्यूट्रल सामाईक राहिला की वीज गेल्यावर आरसीसीबी (वीजगळती दिसली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत राहते आणि दोष उगाच इन्व्हर्टरला दिला जातो. बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात तिथली उष्णता तिचं आयुष्य खाते. जिन्यातही नको, वाट मोकळी राहिली पाहिजे.

माजिवडा_सोसायटी
ठाण्यात सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या मीटरवरही हेच दर का?

नेटमीटर
नाही. सामाईक वापरासाठी सोसायटीला सरसकट किलोवॅटमागे १८,०००, घरटी ३ किलोवॅट या हिशेबाने जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. ईव्ही चार्जिंगही त्यात धरतात. अर्ज सोसायटीच्या नावाने आणि खातंही सोसायटीचंच. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करून ठेवा. किलोवॅटमागे शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते, तेव्हा पाण्याच्या टाक्यांची सावली सकाळी आणि दुपारी कुठे पडते ते मोजूनच क्षमता ठरवा.

गच्ची_ऐरोली
मीटरच्या नावबदलाचा अर्ज आज भरतो. कोटेशन सहा पॅनेलचं, बॅटरीचं बिल वेगळं काढून, नव्याने मागवलंय.